खालून आलेला ‘व्हय’

कळंबा, कोल्हापूर
रविवार, १८ जानेवारी २०२६

प्रिय नसरीन,

आज सकाळी तळ्याला एक फेरी मारून आलो. येताना दूध आणलं. तुझी काकी मुरगूडला भावाकडे गेली आहे, मंगळवारी येईल. त्यामुळे घरात मी एकटाच आहे. कपडे धुऊन वाळत घातले, पेपर वाचला, रात्रीची आमटी गरम करून भाताबरोबर जेवलो. थोडा आडवा झालो, पण झोप लागली नाही. म्हणून उठून हे लिहायला बसलो आहे.

हे फोनवर सांगावं असं ठरवलं होतं. मागच्या आठवड्यात दोनदा तुझा नंबर लावला आणि तू उचलायच्या आत बंद केला. तुझा उलटा फोन आला तेव्हा चुकून लागला म्हणालो. चुकून लागला नव्हता. पाटबंधारे खात्यात सगळा जन्म मी कालव्यांची मापं आणि वरिष्ठांना पत्रं लिहिण्यात घालवला. घरच्या माणसाला पत्र लिहायची वेळ फारशी आली नाही. काही मागेपुढे झालं तर सांभाळून घे.

तुझे अब्बा गेल्यावर तिसऱ्या दिवशी, जियारतला, मी तुमच्या दारात चपला घालत होतो आणि तू मागून आलीस. तू म्हणालीस, “काका, मी रात्रभर त्यांच्या उशाशी होते. मला नुसतं दुखतंय, भीती वाटतीय, हात सोडू नको, एवढंच म्हणत होते. सकाळी तुमचा फोन आला तर ठणठणीत व्हय म्हणाले. त्यानंतर बोललेच नाहीत. काय विचारलंत तुम्ही त्यांना?” मी म्हणालो, काही नाही गं, नुसतं नाव घेतलं. आणि गेटबाहेर पडलो. तू तशीच उभी होतीस, हे मी वळून पाहिलं नाही तरी मला माहीत आहे. तुझ्या बोलण्यात राग नव्हता. पण शेवटचा धड शब्द त्यांनी तुला न देता मला दिला, हे तुला लागलं होतं. लहानपणापासून तुला असंच वाटत आलं आहे, की अब्बांचं चांगलं ते सगळं डोंगराला आणि सयाजीकाकाला, आणि घराला उरलंसुरलं.

मी खोटं बोललो नव्हतो. मी खरंच नुसतं नाव घेतलं होतं. पण ते तुला कळायचं तर जरा मागून सांगावं लागेल.

तुझ्या अब्बांची, कुतुबुद्दीनची, आणि माझी ओळख पुरात झाली. तेव्हा पंचगंगेला पाणी चढलं की पोरं शिवाजी पुलावरून उड्या मारायची. पोलीस एका टोकाला आले की दुसऱ्या टोकावरून. मला पोहायला येत असूनही मी रोज नुसता कठड्याला टेकून उभा राहायचो. एक दिवस हा काडीसारखा पोरगा कठड्यावर चढला आणि मला म्हणाला, “पावणं, जरा चपला बघा.” आणि गेला खाली. पाणी गढूळ, लाकडं वाहत आलेली. डोकं वर यायची वाट बघत मी पुलाच्या या बाजूचा त्या बाजूला गेलो. कुठं दिसेना. नाव तरी कुठं माहीत होतं, म्हणून मी नुसता “ओ चपलावाले” असं ओरडत सुटलो. खूप लांबून, पाण्यात बुडालेल्या उसाच्या फडाकडून आवाज आला, “व्हय”. त्याच्या चपला हातात घेऊन मी काठाकाठाने चिखलातून तिथवर गेलो. त्याने चपला पायात घातल्या आणि विचारलं, “तू कधी मारणार?” दुसऱ्या दिवशी मी मारली.

पुढे उन्हाळ्यात पूर कुठून आणायचा, म्हणून आम्ही डोंगराला लागलो. शनिवारी रात्री त्याचं गाड्यांच्या सीट कव्हरचं दुकान बंद झालं की रविवारी पहिल्या एस.टी.ने गारगोटी, तिथून पाटगाव. तिथून वरच्या रानात शिरून कोकणात उतरायचं. रांगणा किल्ल्याच्या अलीकडे एक मोडलेली जुनी वाट होती. मधला एक टप्पा कधीतरी दरडीत गेलेला, त्यामुळे गावकऱ्यांनी ती सोडून दिली होती. तो टप्पा म्हणजे दोन मजली घराएवढा सरळ कडा. आम्ही त्याला ‘पायरी’ म्हणायचो. दोराशिवाय ती पायरी उतरता येत नाही. पहिल्या वेळी मी आमच्या गावच्या मोटेचा जुना नाडा घेऊन गेलो होतो. कुतुबुद्दीनने त्याच्यावर एक पाय दिला, दोन्ही हातांनी ओढला, तर दोन पदर तट्कन तुटले. “हा म्हशीला बांध,” म्हणाला, “आणि म्हशीलाबी विचारून बांध.” त्या दिवशी आम्ही कड्यावर बसून भाकरी खाऊन परत आलो. नंतर त्याने मालवणच्या कोळ्यांकडून नायलॉनचा दोर आणला. दुकानात उरलेल्या जाड पट्ट्यांचे कमरेचे पट्टे त्याने स्वतः शिवले, मेणदोऱ्याने, दुहेरी शिवण घालून. आमच्या दारातल्या चिंचेला वाळूचं पोतं टांगून तो पट्टा तपासायचा. पोतं आठवडाभर लोंबकळत राहायचं आणि येणारे-जाणारे तुझ्या काकीला विचारायचे की हा कशाचा नवस आहे.

आमची एक पद्धत ठरली होती. तो वजनाने हलका, म्हणून पहिला तो उतरायचा. कडा मध्ये पोटासारखा पुढे आलेला आहे, त्यामुळे वरून खालचा माणूस दिसत नाही. दोर सैल झाला म्हणजे तो पोचला असेल किंवा पडला असेल, दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून मी वरून नाव घ्यायचं, “कुतुबुद्दीन”. त्याने खालून “व्हय” म्हणायचं. म्हणजे पाय टेकले, अंग शाबूत आहे, तू ये. काही मोडलं, लागलं असेल तर “न्हाय” म्हणायचं, लाजायचं नाही. मग वरच्याने दुसरी काय ती तजवीज करायची. तेवढे दोनच शब्द. वाऱ्यात लांब वाक्य ऐकू येत नाही. इतकी वर्षं आम्ही त्या रानात फिरलो, पण त्या पायरीवर याहून जास्त कधी बोललो नाही.

खाली उतरलो की पहिलं घर लागायचं तिथली म्हातारी आम्हाला बघून दरवर्षी तेच विचारायची, “खंयसून इलात?” वरून म्हटलं की ती आमच्या पायांकडे बघायची, उलटे आहेत का ते. तिच्याकडे चहा व्हायचा. मग चालत कुडाळ आणि तिथून फोंडा घाटाने परतीची एस.टी. घाट चढताना खिडकीला डोकं टेकून तो म्हणायचा, “मर्दा, दिवसभर जीव मुठीत धरून खाली आलो ते बसनं परत वर जायलाच न्हवं?” दर वेळी तेच, आणि दर वेळी मी हसायचो.

तू कॉलेजात असताना एकदा मला सरळ विचारलं होतंस, “काका, तुम्हाला घरात काय कमी आहे?” तेव्हा मी तुला चहा घे म्हणालो. आता सांगतो. कमी काही नव्हतं. मी दिवसभर ऑफिसात बसून कुणी पाणी किती घेतलं ते मांडायचो. तो दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांत वाकून बसायचा, स्वतःची गाडी त्याने कधी घेतली नाही. दोघांनाही त्याचं वाईट वाटत नव्हतं. पण कड्याच्या तोंडाशी पाठ दरीकडे करून पहिला पाय मागे टाकायचा, तेव्हा पोटात जी भीती उठते ना, ती आम्हाला हवी असायची. तिच्यापुढे दुसरं काही मनात राहत नाही. समोरच्या दगडावरचं शेवाळसुद्धा स्वच्छ दिसतं. तसा दिवस एकदा मिळाला की पुढचे महिने मी घरात शांत असायचो. तुझ्या काकीला विचार. ती स्वतःच म्हणायची, “जाऊन या बघू एकदा, तोंड बघवत न्हाय.” धाडस वगैरे शब्द आम्ही कधी वापरला नाही. नमाजाची वेळ झाली की तो पायरीच्या वरच्या सपाटीवर रुमाल अंथरायचा. तोंड पश्चिमेला, म्हणजे थेट मोकळ्या दरीकडे. मी दोर गुंडाळत बाजूला बसायचो. माझ्या आयुष्यात मी सगळ्यात निवांत कधी असेन तर त्या वेळी.

मला पण न्या, हे तुझं विचारणंही मला आठवतं. तू सातवीत होतीस. शाळेच्या दप्तरात पाण्याची बाटली आणि स्वेटर भरून तू पहाटे दारात तयार होऊन बसली होतीस. अब्बा म्हणाले, पुढच्या वेळी. पुढच्या वेळी म्हणाले, अम्मी नको म्हणते. मग तू विचारायचं सोडलंस. मुलगी म्हणून नेलं नाही, असं तू धरून बसलीस, आणि तुझ्या अम्मीवर, खैरुनभाभींवरही, उगीचच राग धरलास. भाभी नको म्हणाल्या नव्हत्या. तुझ्यासाठी त्याने छोटा पट्टा शिवला होता, नसरीन. निळ्या पट्टीचा. तुझ्या फ्रॉकवरून माप घेतलं होतं. आमच्या चिंचेला पोतं टांगलं, तुझ्या वजनाच्या दुपटीचं. आठवडाभर टिकलं. मी म्हणालो, झालं, आता घेऊन चल पोरीला. तो म्हणाला, अजून भर. आणखी वाळू भरली, तरी शिवण हलली नाही. तो म्हणाला, अजून. शेवटी फांदी करकरायला लागली. मग त्याने पोतं खाली घेतलं, आमच्या कट्ट्यावर बसला आणि ब्लेडने स्वतःची शिवण स्वतः उसवली, टाका टाका करून. मला म्हणाला, “आपलं काय, पडलो तर पडलो. हिला बांधायला मला कुठलाच दोर पुरणार न्हाय.” भाभींचं नाव त्याने पुढे केलं कारण स्वतःला भीती वाटते हे तुला सांगायची त्याला लाज वाटत होती. कड्यावरून पाठमोरा पाय टाकणारा माणूस तो. हे त्याने कुणाला सांगू नको म्हटलं होतं, आणि मी इतकी वर्षं सांगितलं नाही. आता मी सांगितलं म्हणून तो काही माझ्याशी भांडायला येणार नाही. आला तर बरंच आहे.

आता त्याच्या पायाचं. ते तुला अर्धंच माहीत आहे. आम्ही दोघांनीही पन्नाशी ओलांडली होती. तरीही नोव्हेंबरात गेलो. पायरीवर पोचेपर्यंत खालून कोकणातून धुकं चढायला लागलं. तो नेहमीसारखा पहिला गेला. दोर सैल झाला. मी नाव घेतलं. नेहमी त्याचं उत्तर लगेच यायचं, माझा शब्द संपायच्या आत. त्या दिवशी आलं नाही. मी दुसऱ्यांदा हाक मारणार, तेवढ्यात आलं, “व्हय”. आवाज नेहमीचाच, उलट जरा मोठाच. मी पट्टा अडकवला आणि सावकाश, जागा बघून, पाय तपासत उतरलो. खाली बघतो तर हा दगडाला टेकून बसलेला, बूट काढून बाजूला ठेवलेला, आणि घोट्याचा भोपळा झालेला. शेवटच्या पुरुषभर उंचीवर पाय निसटला होता. मी आयुष्यात कुणाला शिव्या दिल्या नसतील तेवढ्या त्याला दिल्या. न्हाय म्हणायचं ठरलं होतं ना, मग का म्हणाला नाहीस? तो म्हणाला, “न्हाय म्हटलं असतं तर तू धुक्यात धडपडत आला असतास. मग दोघं मोडून पडलो असतो. म्हातारीकडं चा सांगायला कोण गेलं असतं?” मी वाडीतून माणसं आणली, घोंगडीची झोळी करून त्याला खाली नेला. त्याने घरी कुडाळच्या स्टँडवर घसरलो म्हणून सांगितलं, आणि तू डॉक्टरांकडून खरं काढून घेऊन मला जे बोललीस, ते मी निमूट ऐकलं. त्यात तुझं काही चुकलं नव्हतं. दोर आम्ही त्यानंतर सोडला. नुसते रांगण्यापर्यंत जायचो, कड्यावर बसायचो, परत यायचो.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की कळली होती. तुझे अब्बा मोडले की मला व्हय म्हणतात, आणि त्याआधी थांबतात.

तो गेला त्याच्या आदल्या दिवशी मी दवाखान्यात आलो होतो, पण आत सोडलं नाही. सकाळी मी तुला फोन केला, तू म्हणालीस, बोला, त्यांना ऐकू येतंय, कानाला लावते. कसं आहे, बरं वाटतंय का, असं सगळं मी मनात जुळवून ठेवलं होतं. पण त्याचा श्वास ऐकला आणि माझ्या तोंडून नुसतं नाव गेलं, पायरीवर घ्यायचो तसं. पलीकडे काहीच नाही. मी थांबलो. तूही ऐकलं असशील, किती वेळ काही नव्हतं ते. मग तो म्हणाला, “व्हय”. तुला ते ठणठणीत वाटलं. तसं वाटावं म्हणूनच तो म्हणाला. मी फोन ठेवला आणि होतो त्या कपड्यांनी स्कूटर काढली. तू मला नंतर विचारलंस ना, काका, आम्ही बोलवायच्या आधीच तुम्ही दवाखान्याच्या जिन्यात कसे होता? मला माहीत होतं म्हणून होतो.

नसरीन, हे मी तुला दारातच सांगायला हवं होतं. पण तिथे माणसं होती, आणि मी बोलायला लागलो असतो तर मला आवरलं नसतं. म्हणून पत्र. तू जे धरून बसली आहेस ते बरोबर उलटं आहे. मला तो खोटं बोलला. कड्याखाली आणि मरताना, मी धडपडू नये म्हणून तो मला व्हयच म्हणाला. त्याच्यावर कितीही रागावलो तरी त्याने माझ्यापुढे कधी न्हाय म्हटलं नाही. दुखतंय, भीती वाटतीय, हात सोडू नको, हे त्याने चाळीस वर्षांत मला एकदाही सांगितलं नाही. भाभींनाही सांगितलं नसेल. ते सगळं त्याने तुला सांगितलं, रात्रभर सांगितलं. मला तुझा हेवा वाटतो, हे लिहून टाकतो आणि मग पुन्हा कधी बोलणार नाही. तू हात सोडला नाहीस ना, मग झालं. एप्रिलात मुलांना सुट्टी लागल्यावर तू येणार आहेस, तेव्हा जमलं तर त्यांना घेऊन एक दिवस पाटगावला जाऊ. दोर वगैरे काही नाही, माझे गुडघे आता जिना उतरतानाही बोलतात. नुसतं वर बसून खाली बघू. नको वाटलं तर नको म्हण, मी काही वाईट वाटून घेणार नाही. वरची टाकी भरून वाहायला लागली आहे, पाणी अंगणात पडल्याचा आवाज येतोय. मोटर बंद करून येतो आणि मग पाकिटाला डिंक लावतो.

तुझाच,
सयाजीकाका